मुरूमवाटा आणि सायकल : दोंडाईचा परिसरातील रहदारीमुक्त मार्गांचा परिचयात्मक अभ्यास

सारांश

डांबरी रस्ता सोडून खडी, मुरूम व मातीच्या वाटांवरून लांब पल्ल्याचे सायकलभ्रमण करण्याचा 'ग्रॅव्हल सायकलिंग' हा प्रकार गेल्या दोन दशकांत जगभर रूढ झाला आहे. महाराष्ट्रात तो अद्याप नवा असला, तरी त्याला आवश्यक असणाऱ्या वाटा खानदेशात शतकानुशतके आहेत. प्रस्तुत लेखात या प्रकाराची संकल्पना, सायकलीच्या रचनेमागील तत्त्वे, दोंडाईचा परिसराची भूरचना व तेथील वाटांचे प्रकार यांचा परस्परसंबंध स्पष्ट केला आहे. तसेच ग्रामस्थांना हवा असलेला पक्का रस्ता आणि भ्रमंती करणाऱ्यास हवी असलेली कच्ची वाट यांतील विरोधाचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : ग्रॅव्हल सायकल, मुरूम, पाणंद रस्ते, डाइक, दोंडाईचा, खानदेश, सातपुडा.

१. प्रस्तावना

धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातील दोंडाईचा हे शहर सुरत–भुसावळ लोहमार्गावरील एक महत्त्वाचे स्थानक आणि मिरचीच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेली बाजारपेठ होय. हिवाळ्यात शहराबाहेरच्या मोकळ्या जागी मिरचीच्या पथाऱ्या पसरतात आणि दूरवरून जमीन लाल दिसू लागते. शहराच्या उत्तरेस तापीचे सपाट खोरे, दक्षिणेस व पश्चिमेस साक्री तालुक्यातील डोंगररांगा आणि तापीपलीकडे सातपुड्याची निळसर भिंत अशी या परिसराची ठेवण आहे.

या परिसराशी बाहेरच्या माणसाचा परिचय बहुधा महामार्गावरून होतो. सुरत–धुळे–नागपूर आणि मुंबई–आग्रा हे दोन्ही मोठे मार्ग धुळे जिल्ह्यातून जातात व त्यांवर अवजड वाहनांची अखंड वर्दळ असते. परंतु महामार्ग सोडून चार-पाच किलोमीटर आत गेले की दुसरेच जग सुरू होते. शेतांच्या बांधांवरून, नाल्यांच्या काठाने, टेकड्यांच्या कुशीतून जाणाऱ्या मुरमाच्या वाटांवर तासन् तास एखादी बैलगाडी, मेंढ्यांचा कळप किंवा दुधाच्या किटल्या अडकवलेली सायकल याखेरीज काहीही भेटत नाही. या वाटा आणि सायकल यांच्या संबंधाचा पद्धतशीर विचार मराठीत फारसा झालेला नाही.

सुरक्षिततेच्या दृष्टीनेही हा विषय महत्त्वाचा आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षी भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी सुमारे ६० टक्के मृत्यू राष्ट्रीय व राज्य महामार्गांवर झाले. देशातील रस्त्यांच्या एकूण लांबीत या महामार्गांचा वाटा मात्र सुमारे पाच टक्केच आहे. महामार्गाच्या कडेने सायकल चालविणे म्हणजे काय, हे या आकड्यांवरून कळते. सायकलस्वाराने रहदारीमुक्त वाट शोधणे ही केवळ हौस नसून तो विवेकाचा भाग आहे.

२. उद्दिष्टे

१) ग्रॅव्हल सायकलिंग या संकल्पनेचा व तिच्या पार्श्वभूमीचा परिचय करून देणे.
२) दोंडाईचा परिसरातील भूरचना व वाटा यांचा संबंध स्पष्ट करणे.
३) कच्च्या वाटेवर चालणाऱ्या सायकलीच्या रचनेमागील तत्त्वे समजावून घेणे.
४) ग्रामीण रस्तेविकास व कच्च्या वाटांचे जतन यांतील विरोधाचा विचार करणे.

प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

३. संकल्पना व पार्श्वभूमी

सायकलीचा जन्म डांबरी रस्त्याच्या आधीचा आहे. जर्मनीतील कार्ल फॉन ड्राइस याने १८१७ मध्ये पायांनी ढकलण्याची दुचाकी तयार केली. जॉन केम्प स्टार्ली याची 'रोव्हर' ही दोन समान चाकांची सुरक्षित सायकल १८८५ मध्ये, तर जॉन बॉइड डनलॉप याचा हवेचा टायर १८८८ मध्ये आला. या काळात रस्ता म्हणजे माती किंवा फार तर खडी दाबून केलेला मार्ग असे. बारीक कोनदार खडीचे थर दाबून आणि पाण्याचा निचरा साधून रस्ता टिकाऊ करता येतो, हे स्कॉटिश अभियंता जॉन लाउडन मॅकॅडम याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिले होते. आपल्याकडे सार्वजनिक बांधकाम खाते ज्याला खडीकरण म्हणते, त्याचे मूळ या पद्धतीत आहे. सारांश, आज जी 'ग्रॅव्हल' म्हणून नवी वाटते, तीच सायकलीची मूळ वाट होय.

मुंबईच्या आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या तीन पारशी तरुणांचे उदाहरण या संदर्भात लक्षणीय आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी ते साथीदारांसह मुंबईहून सायकलीने जगप्रदक्षिणेस निघाले आणि सुमारे ७१,००० किलोमीटर अंतर कापून १८ मार्च १९२८ रोजी परतले. इराण व इराकमधील वाळवंटी वाटा त्यांनी साध्या सायकलींवरून पार केल्या. त्या काळी अशा सायकलीला वेगळे नाव देण्याची गरज कुणास वाटली नाही.

डांबरी रस्त्यांचे जाळे पसरल्यावर सायकलीचे दोन प्रकार एकमेकांपासून दूर गेले. एक अरुंद टायरची, हलकी, वेगवान शर्यतीची सायकल आणि दुसरी जाड टायरची, धक्काशोषक असलेली डोंगरी सायकल. या दोहोंमधील मोकळी जागा ग्रॅव्हल सायकलीने भरून काढली. मात्र तिच्या आधीही कच्च्या वाटांचे प्रेमी होतेच. इंग्लंडमध्ये १९५५ साली अशा सायकलस्वारांनी 'रफ स्टफ फेलोशिप' ही संघटना स्थापन केली. इटलीच्या तोस्काना प्रांतात १९९७ साली 'लेरोइका' हा उपक्रम सुरू झाला, तो तेथील पांढऱ्या मातीच्या वाटा डांबराखाली जाऊ नयेत या हेतूने. जुन्या सायकलींवरून जुन्या वाटांवर फिरण्याच्या या उपक्रमामुळे त्या वाटा प्रदेशाची ओळख बनल्या आणि त्यांच्या जतनाला बळ मिळाले. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात २००६ पासून एम्पोरिया गावाभोवतीच्या गवताळ टेकड्यांत २०० मैलांची कच्च्या रस्त्यांवरील शर्यत भरू लागली. पुढे २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने इटलीतील व्हेनेतो प्रांतात या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा घेतली.

महाराष्ट्रात सायकलिंगची चळवळ प्रामुख्याने पक्क्या रस्त्यांवर वाढली. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही शर्यत पूर्ण केली, तर नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ती एकट्याने पूर्ण केली. त्यामुळे लांब पल्ल्याच्या सायकलिंगला जिल्ह्याच्या ठिकाणीही प्रतिष्ठा मिळाली. कच्च्या वाटांवरील भ्रमंती ही त्यापुढची स्वाभाविक पायरी आहे. तीत शर्यत दुय्यम असून परिसराशी परिचय हा मुख्य हेतू असतो.

४. भूरचना : मुरूम कोठून येतो?

कोणत्याही प्रदेशातील कच्च्या वाटेचा पोत तेथील खडकावर अवलंबून असतो. दोंडाईचा परिसर दख्खनच्या लाव्हाजन्य बेसाल्ट खडकाचा बनलेला आहे. हा खडक झिजू लागला की प्रथम त्याचा भुसभुशीत, तांबूस-करडा थर तयार होतो. तोच मुरूम. मुरूम आणखी कुजून, पाण्याबरोबर वाहत सखल भागात साचला की त्याची काळी माती होते. म्हणून उंचवट्यावर मुरूम आणि खोलगट भागात काळी जमीन असा क्रम येथे दिसतो.

मुरमात निरनिराळ्या आकाराचे कण असतात. मोठे कण भार पेलतात, बारीक कण फटी भरतात, आणि पाणी निचरून जाते. त्यामुळे पावसानंतर एक-दोन दिवसांत मुरमाची वाट पुन्हा चालण्याजोगी होते. काळ्या मातीचा स्वभाव याच्या उलट आहे. तीत माँटमोरिलोनाइट गटातील चिकणमातीचे खनिज विपुल असते. ते पाणी शोषून फुगते व वाळताना आकसते. पावसाळ्यात ही माती चाकाला चिकटते, चाक व चौकट यांमधील जागा भरून टाकते आणि काही पावलांतच सायकल खांद्यावर घ्यावी लागते. उन्हाळ्यात तिलाच भेगा पडतात आणि गाड्यांच्या चाकोऱ्यांत घोट्याएवढी धूळ साचते. हे खनिजशास्त्र शेतकऱ्यास अनुभवाने ठाऊक असते. जुन्या गाडीवाटा शक्य तेथे उंचवट्यावरून गेलेल्या दिसतात, त्याचे कारण हेच.

या परिसराचे आणखी एक वैशिष्ट्य भूशास्त्रज्ञांना सुपरिचित आहे. नंदुरबार, साक्री, शिंदखेडा व धुळे या भागांत लाव्हाच्या थरांना छेदून वर आलेल्या उभ्या खडकभिंती, म्हणजे डाइक, मोठ्या संख्येने आढळतात. त्यांची दिशा सर्वसाधारणपणे पूर्व-ईशान्य ते पश्चिम-नैर्ऋत्य, म्हणजे तापी खोऱ्याला जवळजवळ समांतर आहे. भोवतालचा मऊ खडक झिजून गेला आणि कठीण डाइक मागे राहिले. त्यामुळे सपाट माळावर अचानक उठलेल्या, अरुंद, लांबच लांब टेकड्यांच्या ओळी दिसतात.

सायकलस्वाराच्या दृष्टीने या रचनेचा अर्थ असा : पूर्व-पश्चिम जाणारी वाट टेकडीच्या पायथ्याने, फारसा चढउतार न घेता जाते. दक्षिणोत्तर जाणारी वाट मात्र एकामागून एक टेकड्या ओलांडते किंवा त्यांच्यातील खिंड शोधते. एकाच लांबीच्या दोन वाटांपैकी एक सोपी व दुसरी दमछाक करणारी का, याचे उत्तर जमिनीखालच्या खडकात आहे.

५. वाटांचे प्रकार

तापीचे खोरे हा प्राचीन काळापासून वाहतुकीचा मार्ग आहे. सतराव्या शतकात सुरतेहून बऱ्हाणपूरकडे जाणारे व्यापारी तांडे नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा या मार्गाने जात. १९०० च्या सुमारास तापी खोऱ्यातून लोहमार्ग झाल्यावर तांड्यांचा मार्ग मागे पडला. पण गावागावांना जोडणाऱ्या वाटा राहिल्या. आज या परिसरात पुढील प्रकारच्या कच्च्या वाटा आढळतात.

(अ) पाणंद व शिवरस्ते : शेतात जाण्यासाठीची गाडीवाट म्हणजे पाणंद आणि दोन गावांच्या हद्दीवरून जाणारा तो शिवरस्ता. गावनकाशावर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने व पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखविलेला असतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ नुसार बांधावरून जाण्या-येण्याच्या हक्काचा निर्णय तहसीलदार देतात. पूर्वापार वाट कुणी अडविल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली दाद मागता येते. यावरून या वाटांना कायद्याचा आधार आहे हे लक्षात येईल.

(आ) रोजगार हमीचे रस्ते : १९७२ च्या दुष्काळात व त्यानंतर रोजगार हमी योजनेतून गावोगावी माती-मुरमाचे रस्ते झाले. शिंदखेड्यासारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात अशा रस्त्यांचा मोठा वाटा आहे. ज्या पिढीने ते बांधले, तिच्या आठवणीत ती वाट दुष्काळाच्या मजुरीशी जोडलेली आहे.

(इ) कालव्यांचे सेवापथ : धरणांच्या कालव्यांलगत देखभालीसाठी ठेवलेली वाट समपातळीत जाते. तिला चढ जवळजवळ नसतो व कडेने सावली मिळते. नवशिक्यांसाठी ही वाट सर्वांत सोयीची.

(ई) पवनचक्क्यांचे रस्ते : साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेल परिसराच्या पठारांवर पवनऊर्जेचे मोठे प्रकल्प उभे आहेत. पवनचक्कीचे पाते अतिशय लांब असल्याने ते वाहून नेण्यासाठी रुंद, मोठ्या वळणांचे आणि बेताच्या चढाचे रस्ते करावे लागतात. असे खडी-मुरमाचे रस्ते पठारावर दूरवर पसरले आहेत. मात्र त्यांतील काही भाग खाजगी किंवा वनखात्याच्या ताब्यातील असल्याने तेथे परवानगीशिवाय जाऊ नये.

(उ) मेंढपाळांच्या वाटा : साक्री व शिंदखेडा भागातील ठेलारी समाजाचे मेंढपाळ चराईसाठी ऋतूनुसार स्थलांतर करतात. पाणी, चारा आणि बेताचा चढ ही तीन सूत्रे धरून त्यांच्या वाटा पडलेल्या आहेत. माळ कोठून ओलांडावा, हे त्या वाटांइतके नेमके दुसरे काही सांगू शकत नाही.

६. सायकलीची घडण

रस्त्यावरील शर्यतीच्या सायकलीचा टायर साधारणतः २५ ते २८ मिलिमीटर रुंद असतो, ग्रॅव्हल सायकलीचा ३८ ते ५० मिलिमीटर आणि डोंगरी सायकलीचा त्याहूनही अधिक. रुंद टायरमुळे हवेचा दाब कमी ठेवता येतो. सायकल व स्वार यांचे एकत्रित वजन ८५ किलोग्रॅम धरले आणि टायरमधील दाब दर चौरस सेंटिमीटरला ६ किलोग्रॅम असला, तर दोन्ही चाकांचा जमिनीशी होणारा स्पर्श ढोबळमानाने १४ चौरस सेंटिमीटर भरतो. हाच दाब २.५ वर आणला की स्पर्श ३४ चौरस सेंटिमीटर होतो. स्पर्श वाढला की पकड वाढते.

कमी दाबाचा दुसरा लाभ अधिक महत्त्वाचा आहे. कडक टायर खड्यावरून जाताना सायकल व स्वार या दोघांनाही वर उचलतो. प्रत्येक खड्यागणिक असे उचलले जाण्यात पुढे जाण्याची शक्ती खर्ची पडते. मऊ टायर खड्याभोवती स्वतः दबतो आणि वरचे वजन जवळजवळ स्थिर राहते. त्यामुळे 'टायर जितका कडक तितकी सायकल पळते' हा समज गुळगुळीत रस्त्यापुरताच खरा आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. खानदेशातील दूधवाला, शेतमजूर किंवा शाळकरी मुलगा पिढ्यान् पिढ्या जी काळी, उंच सायकल वापरत आला, तिच्या २८ इंची चाकाचा टायर दीड इंच, म्हणजे सुमारे ४० मिलिमीटर रुंद असतो. तिची चौकट लांब, पुढचा चिमटा तिरका आणि बसण्याची ढब स्थिर असते. ग्रॅव्हल सायकलीच्या रचनाकारांनी जी लक्षणे नव्याने शोधली, त्यांतील कितीतरी या सायकलीत आधीपासूनच होती. सोनीपतच्या 'अॅटलस' (१९५१) आणि लुधियानाच्या 'हिरो' (१९५६) या कारखान्यांनी अशा सायकली देशभर पोहोचविल्या. 'अॅटलस'चा अखेरचा कारखाना ३ जून २०२० रोजी, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनी, बंद पडला.

फरक आहे तो वजनात, ब्रेकमध्ये व गिअरमध्ये. काळी सायकल वीसेक किलोग्रॅम वजनाची, तर ग्रॅव्हल सायकल साधारणतः दहा किलोग्रॅमची असते. साध्या सायकलीच्या पुढच्या चक्राला ४४ व मागच्याला १८ दाते धरले, तर पायडलच्या एका फेरीत मागचे चाक सुमारे २.४ वेळा फिरते. सपाटीवर हे ठीक, पण चढावर उतरून ढकलणे भाग पडते. ग्रॅव्हल सायकलीत पुढे ४० व मागे ४२ दाते घेता येतात. मग पायडलच्या एका फेरीत चाक एक फेरीही पुरी करीत नाही आणि खडा चढ बसल्या जागी चढता येतो. बसल्या जागी चढणे मुरमावर आवश्यकच असते. उभे राहून पायडल मारल्यास मागच्या चाकावरील भार हलका होतो आणि ते जागीच फिरू लागते. उतारावर याच नियमाची दुसरी बाजू लागू पडते. वळणात पुढचा ब्रेक दाबल्यास सुट्या खडीवर चाक घसरते, म्हणून वळण येण्यापूर्वीच वेग आवरावा लागतो.

७. ऋतू, काटे व अन्य अडचणी

या भागात वर्षाकाठी सरासरी सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो व उन्हाळ्यात तापमान ४२ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. साहजिकच कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ भ्रमंतीस सर्वोत्तम. पावसाळ्यात फक्त उंचवट्यावरील मुरमाच्या वाटा निवडाव्यात. उन्हाळ्यात पहाटे निघून नऊच्या आत परतावे. माळावर सावली नसते आणि दोन गावांमधील अंतरात पाणी मिळेलच असे नाही.

या वाटांवरील खरा शत्रू काटा होय. बाभूळ, बोर आणि विशेषतः वेडी बाभूळ यांचे काटे वाटेवर पसरलेले असतात. हिवाळ्यात सराट्याची, म्हणजे गोखरूची, वाळलेली फळे यांत भर घालतात. हीच वनस्पती अमेरिकेतील सायकलस्वारांनाही छळते. कसेही पडले तरी तिचे एक टोक वरच राहते. यावर उपाय म्हणून ट्यूब नसलेल्या टायरमध्ये चिकाचे द्रावण भरतात. काटा घुसताच ते छिद्रात गोठते. साध्या सायकलीसाठी मात्र पंक्चरचे साहित्य, हवा भरण्याचा पंप आणि ते वापरण्याचा सराव यांस पर्याय नाही.

मिरची, कापूस किंवा मका काढणीच्या दिवसांत शेतवाटांवर ट्रॅक्टरची ये-जा असते. तेव्हा सायकलस्वाराने बाजूला थांबून वाट द्यावी. ती वाट प्रथम शेतकऱ्याची आहे, याचा विसर पडता कामा नये.

८. काही प्रातिनिधिक मार्ग

उत्तरेस तापीकाठचा सारंगखेडा हा पहिला टप्पा. एकमुखी दत्ताचे मंदिर व दत्तजयंतीस भरणारा घोडेबाजार यांमुळे तो प्रसिद्ध आहे. यात्राकाळ वगळता काठाकाठाने जाणाऱ्या वाटा शांत असतात. तापीच्या काठी पाण्याने कोरलेल्या घळींचे जाळे आहे. वाट त्यांत उतरते व पुन्हा वर येते, त्यामुळे सपाट वाटणाऱ्या या भागातही बरीच चढण होते. पूर्वेस मुडावद येथे तापी-पांझरा संगमावर कपिलेश्वराचे मंदिर आहे.

दक्षिणेस मालपूरजवळ अमरावती नदीवरील धरण आहे. तेथून पुढे डाइकच्या टेकड्यांमधून बळसाणे गावाकडे जाता येते. बळसाणे येथे प्राचीन मंदिरांचे अवशेष असून ते जैन तीर्थक्षेत्र म्हणूनही ओळखले जाते. निजामपूरनजीकचा भामेर किल्ला आणि त्यातील खडकात खोदलेल्या लेण्या हा या दिशेचा पुढचा टप्पा होय. भूशास्त्र, इतिहास आणि वास्तुकला यांचे दर्शन एका दिवसाच्या फेरीत घडविणारा हा मार्ग अभ्यासकांस विशेष उपयुक्त आहे.

तापीपलीकडे शहाद्याहून तोरणमाळचा घाट चढतो. सुमारे १,१५० मीटर उंचीच्या या पठारावर यशवंत तलाव व सीताखाई ही ठिकाणे आहेत. घाटाचा रस्ता डांबरी असला, तरी माथ्यावरील पाड्यांकडे जाणाऱ्या वाटा कच्च्या आहेत. हा वनप्रदेश व आदिवासी समाजाची भूमी असल्याने तेथे एकट्याने, अंधारात किंवा स्थानिकांना न विचारता फिरणे योग्य नव्हे.

९. डांबर की मुरूम?

येथे एका अवघड प्रश्नाला सामोरे जाणे क्रमप्राप्त आहे. शहरातून येणाऱ्या सायकलस्वारास जी वाट रम्य वाटते, तीच वाट गावातील माणसाला अडचणीची असते. पावसाळ्यात वाहन न आल्यामुळे सातपुड्यातील पाड्यांवरून रुग्णास किंवा बाळंतिणीस झोळीत घालून न्यावे लागते. काळ्या मातीतून ट्रॅक्टर निघत नाही म्हणून काढलेला माल शेतातच भिजतो. अशा वेळी 'ही वाट अशीच राहू द्या' असे म्हणण्याचा अधिकार पाहुण्यास नाही.

२५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने सपाट प्रदेशात ५०० व डोंगरी-आदिवासी प्रदेशात २५० लोकसंख्येच्या वस्त्या बारमाही रस्त्याने जोडण्याचे लक्ष्य ठेवले. त्यामुळे अनेक मुरूमरस्ते डांबरी झाले, आणि ते इष्टच होते. परंतु वस्तीला जोडणारा रस्ता आणि शेतात नेणारी वाट यांत भेद करणे आवश्यक आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्य शासनाने मंजूर केलेल्या 'मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते' योजनेत रोजगार हमीच्या साहाय्याने शेतरस्त्यांचे मातीकाम व खडीकरण अभिप्रेत होते. शेतकऱ्यास शेतवाटेवर हवा असतो तो भक्कम, निचऱ्याचा, अतिक्रमणमुक्त खडी-मुरमाचा रस्ता, आणि सायकलस्वारासही नेमका तोच हवा असतो. डांबराच्या प्रश्नावर दोघांचे हित वेगळे दिसत असले, तरी पाणंदीच्या प्रश्नावर ते एक आहे.

खरा धोका डांबराचा नसून वाट नाहीशी होण्याचा आहे. बांध कोरून शेत वाढविणे, वाटेवर काटेरी कुंपण घालणे, नाल्याची मोरी वाहून गेल्यावर ती दुरुस्त न करणे अशा कारणांनी वाटा मिटत जातात. जी वाट वापरात नसते ती आधी मिटते. नकाशावर तिची तुटक रेषा उरते, पण जमिनीवर काही उरत नाही. अशा वाटेवरून आठवड्यातून दहा सायकली गेल्या, तरी तिच्या अस्तित्वाला साक्ष मिळते.

या प्रश्नाला शैक्षणिक बाजूही आहे. महाराष्ट्र शासनाच्या मानव विकास कार्यक्रमांतर्गत २०११ नंतर १२५ मागास तालुक्यांत गरजू विद्यार्थिनींना शाळेत जाण्यासाठी सायकली देण्यात आल्या. ज्या मुरमाच्या वाटेवर एखादा हौशी सायकलस्वार रविवारी येतो, तशाच वाटेवरून एखादी मुलगी रोज शाळेला जाते. टायरमध्ये किती हवा ठेवावी, सुट्या खडीवर ब्रेक कसा लावावा, सराट्याचे पंक्चर कसे काढावे, हे ज्ञान तिला अधिक उपयोगी आहे. ते तिच्यापर्यंत पोहोचविले, तर या नव्या छंदाचा या प्रदेशाला खरा लाभ होईल.

१०. महाविद्यालयांची भूमिका

या कामी महाविद्यालयांना पुढील गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. भूगोल विभागाने गावनकाशे व प्रत्यक्ष वाटा यांची पडताळणी करून तालुक्यातील पाणंद-शिवरस्त्यांचा नकाशा तयार करावा. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात ग्रामपंचायतीच्या संमतीने एखाद्या बुजलेल्या वाटेची सफाई, चर काढणे व मोरीची दुरुस्ती हाती घ्यावी. शारीरिक शिक्षण विभागाने विद्यार्थिनींसाठी सायकल दुरुस्तीचा एक दिवसाचा वर्ग घ्यावा. इतिहास व भूशास्त्राच्या शैक्षणिक सहली जवळच्या अंतरासाठी बसऐवजी सायकलीने काढाव्यात. यांपैकी कशासाठीही महागडी सायकल लागत नाही. चांगल्या स्थितीतील साधी सायकल पुरेशी आहे.

११. समारोप

ग्रॅव्हल सायकलिंग हे नाव परदेशातून आलेले असले, तरी त्याचा आशय दोंडाईचा परिसराला परका नाही. बेसाल्टच्या झिजेतून मुरूम झाला आणि डाइकच्या ओळींनी वाटांना दिशा दिली. व्यापारी तांडे, मेंढपाळ, शेतकरी व दुष्काळातील मजूर यांच्या पावलांनी त्या वाटा घडल्या. साध्या काळ्या सायकलीने त्यांवर दूध, चारा आणि शाळकरी मुले वाहिली. आज महामार्गांवर सायकलस्वाराला जागा उरलेली नसताना याच वाटा सुरक्षित भ्रमंतीचा मार्ग देऊ शकतात. वस्तीचा रस्ता पक्का व्हावा आणि शेताची वाट मुरमाची पण भक्कम राहावी, अशी विभागणी स्वीकारली, तर ग्रामस्थ व सायकलस्वार यांच्या अपेक्षांत विरोध उरत नाही. त्यासाठी आधी त्या वाटा कोठे आहेत हे नकाशावर व जमिनीवर निश्चित व्हायला हवे. ते काम परिसरातील महाविद्यालयांनी हाती घेणे अधिक उचित ठरेल.